००ई नंबरचा प्रिंटर

ऑफिसात कुणालाच नको असलेलं काम फिरत फिरत माझ्या टेबलावर येतं. या खेपेला ‘हर्क्युलिस’मधल्या डिव्हाइसच्या पत्त्यांचं डॉक्युमेंट आलं. हर्क्युलिस म्हणजे रॉजर बोलर या गृहस्थांनी १९९९ साली बाहेर काढलेलं सॉफ्टवेअर. आयबीएमच्या खोलीभर पसरणाऱ्या मेनफ्रेमचं सोंग ते लॅपटॉपवर बेमालूम वठवतं. त्यातल्या एकाही यंत्राला गुंजभर वजन नाही, पण पत्ता प्रत्येकाला हवाच. कॉन्फिगरेशन फाइलीत आधी पत्ता, मग मॉडेल, मग फाइलचं नाव. ००९ कन्सोल, ००सी कार्ड रीडर, ००ई प्रिंटर. आकडे सोळाच्या हिशेबातले, त्यामुळे ००९ नंतर ००ए आणि ०१० म्हणजे चक्क सोळा.

पहिल्या पानावर मी ठणकावून लिहिलं, की पहिला अंक चॅनलचा, पुढचे दोन त्यावरच्या यंत्राचे. १९६४ च्या सिस्टिम/३६० ला हे लागू होतं. पुढे ३७०-एक्सए ही नवी रचना आली, चॅनल निवडायचं काम यंत्राने स्वतःकडे घेतलं आणि पत्ता नुसता नावापुरता उरला. म्हणजे दुसऱ्या पानावर पहिलं पान खोडणं आलं. लोक मात्र अजून जुन्याच हिशेबाने आकडे वाटतात. पुण्यात कधीच पाडून टाकलेल्या टॉकीजच्या खुणेवर पत्ता सांगतात, तसे.

खरी पंचाईत व्हीएम या आयबीएमच्या ऑपरेटिंग सिस्टिमची. ही सिस्टिम स्वतःच प्रत्येकाला एकेक आभासी मशीन देते. प्रत्येकाची डिस्क १९१ नंबरची, तरी कुणाचं कुणाशी भांडण नाही. टेप हवी असली की ऑपरेटर ५८० हा ‘खरा’ ड्राइव्ह तुम्हाला १८१ हा ‘आभासी’ म्हणून जोडून देतो.

“सर, खरा ड्राइव्ह कुठाय?” टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने विचारलं.

मी फोल्डरमधली एडब्ल्यूएस शेपटीची फाइल दाखवली.

“म्हणजे क्लाउडवर?”

“त्याचा याच्याशी संबंध नाही. ही साधी फाइल आहे.”

“मग खरा का म्हणायचं?”

“व्हीएमला वाईट वाटू नये म्हणून.”

तिने हे वहीत लिहून घेतलं.

००ई वरच्या १४०३ प्रिंटरवर मी जरा जास्तच रेंगाळलो. यंत्र १९५९ सालचं, एका ओळीत १३२ अक्षरांपर्यंत छापणारं. त्याच्या एन१ मॉडेलमध्ये कागद संपला की अख्खं झाकण आपणहून वर उठायचं, आणि त्यावर कुणी कॉफीचा कप ठेवलेला असला तर त्याचा निकाल लागायचा. आमचा १४०३ म्हणजे एक टेक्स्ट फाइल. कप ठेवणार कुठे?

डॉक्युमेंट मंजुरीला गेलं आणि ऑडिटवाल्यांनी ते चक्क वाचलं. शेरा आला: ००ई या प्रिंटरवर ॲसेट टॅग आढळत नाही, तरी तो लावून घ्यावा, प्रिंटर कोणत्या मजल्यावर आहे ते कळवावे आणि देखभाल कराराची प्रत जोडावी.

मी प्रिंटरची टेक्स्ट फाइल उघडून पहिल्याच ओळीत टॅग नंबर टाइप केला आणि ‘पूर्तता केली’ म्हणून कळवलं. वेगळं काही सांगितलं नसेल, तर हर्क्युलिस पुन्हा सुरू होताना ती फाइल कोरी करतं. तसं डॉक्युमेंटात लिहिलेलं आहे. पान सात.