मूळ कृती

मुलुंड पूर्वेला नवघर रोडवरच्या आमच्या सोसायटीत अण्णा नोकरीत होते तोवर निरुपद्रवी होते. बँकेतून निवृत्त झाले, लेकाकडे बॉस्टनला सहा महिने राहिले आणि येताना ब्राऊन ब्रेड घेऊन आले. ब्रेड नव्हे, ब्राऊन ब्रेडविषयीची मतं.

पहिला बळी कोपऱ्यावरचा दुकानदार. अण्णांनी पाकीट उचललं, चष्मा कपाळावर सरकवून ते नाकाला लावलं आणि बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली. ‘‘मैदा. आणि पुढे बघ, कॅरमेल, १५०ए. म्हणजे रंग! अरे, हा पांढराच ब्रेड आहे, उन्हात उभा केलेला.’’

‘‘काका, घेताय की ठेवू?’’ दुकानदार म्हणाला.

अण्णांचा ब्रेड वेगळा, बॉस्टनचा. तिकडे जाऊन वसलेल्या गोऱ्यांना गहू नीट पिकेना, म्हणून त्यांनी राय, मका आणि गहू सारखे घेतले, त्यात मोलॅसिस, ताक आणि सोडा घातला. यीस्ट नाही, भट्टी नाही. डब्यात भरून दोन-तीन तास वाफवायचं आणि शनिवारी रात्री बीन्सबरोबर खायचं. ‘‘मूळ कृती म्हणजे मूळ कृती. त्यात आपली अक्कल चालवायची नाही,’’ अण्णा बजावतात. बँकेत ३५ वर्षं त्यांनी हेच तत्त्व पाळलं.

गाडी अडली ती मोलॅसिसपाशी. शब्दकोशात अर्थ निघाला मळी. अण्णांनी नगरकडच्या साखर कारखान्यात असलेल्या मेव्हण्याला फोन लावला, ‘‘अर्धा किलो मळी पाठव.’’ पलीकडे बराच वेळ शांतता. मग आवाज आला, ‘‘दाजी, मळी टँकरनं जाते. दारू गाळायला. तिच्यावर एक्साइजचा डोळा असतो. तुमचं बरं चाललंय ना?’’ फोन स्पीकरवर होता. त्या दिवसापासून काकू अण्णांच्या कपाटाचा वास घेऊ लागल्या.

शेवटी एका प्रदर्शनातून कोल्हापूरची काकवी आली. गुऱ्हाळात काहिलीत रस आटतो, वरचा मळ काढून टाकतात आणि गुळाला यायच्या आधीच उतरवून घेतात ती काकवी. साखर काढून घेतल्यावर उरते ती मळी. काकवीत उसाचा सगळा गोडवा शाबूत. काकूंच्या माहेरी ती भाकरीशी खातात. त्यांनाच अण्णांनी तिची ओळख ‘आपलं मोलॅसिस’ अशी करून दिली.

मग राय मिळेना, नाचणी आली. ताक घरचं, कणीक चक्कीवरची. डबा कॉफीचा हवा होता, ठाण्याच्या नातवाच्या अमूलस्प्रेवर भागवलं. बीन्सच्या जागी काकूंनी भिजवलेले वाल. मूळ कृतीतलं बदललं नाही ते फक्त पाणी, आणि तेही भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातलं.

प्रात्यक्षिकाला मला बोलावलं होतं. ताक-काकवीत सोडा पडला आणि पातेलं फसफसलं, तसे अण्णा ओरडले, ‘‘बघा! आंबटपणा आणि सोडा! यीस्टचं काम झालं!’’ डबा तुपानं माखून दोन तृतीयांश भरला, तोंडावर फॉईल, त्यावर सुतळीच्या तीन गाठी. मोठ्या कुकरच्या तळाशी ताटली, अर्ध्या डब्यापर्यंत पाणी आणि शिट्टी काढून मंद आच. अडीच तास.

अडीच तास अण्णांच्या समोर बसायचं म्हणजे काय, हे ज्यांच्या शेजारी निवृत्त माणूस आहे त्यांनाच कळेल. मला बॉस्टनचा मळीचा पूर ऐकवण्यात आला. १५ जानेवारी १९१९. मळीची अवाढव्य टाकी फुटली, रस्त्यात लाट उसळली, २१ माणसं गेली. अल्कोहोल करण्यासाठी साठवलेली मळी.

‘‘म्हणजे तिथंही दारूच ना?’’ स्वयंपाकघरातून आवाज आला.

डबा उलटा करून ठोकला. अंगावर पत्र्याच्या कड्यांचे वळ घेतलेला एक काळपट, ओलसर, जड खांब ताटात उतरला. अण्णांनी त्याचा दोऱ्यानं काप काढला, कारण मूळ कृतीत दोरा आहे. खरं सांगतो, गरम कापावर लोणी विरघळलं तेव्हा मी दुसरा मागितला. काकूंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, ‘‘धोंडस झालंय. काकडी तेवढी राहिली.’’ अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. ते दोन दिवस सोसायटीला फार बरे गेले.

आता दर शनिवारी कुणाच्या तरी दारात एक डबा येतो. तुमच्याकडे आला तर निमूट घ्या. ब्रेड चांगला असतो, दुसऱ्या दिवशी तव्यावर शेकून आणखी चांगला लागतो. डबा मात्र धुऊन परत करा. नातू आता पाचवीत आहे आणि अमूलस्प्रेचे डबे तीनच उरलेत.