चौकटीचा शर्ट

आमच्या घराण्यात एकही मंगलकार्य दाजींच्या कॅमेऱ्याशिवाय पार पडत नाही, आणि त्या कॅमेऱ्यात एकही मंगलकार्य धड दिसत नाही.

दाजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. डीएसएलआर घेतला तो फोटोंसाठी, आणि फोटो ते झकास काढतात, हे कबूल केलंच पाहिजे. पण त्याच कॅमेऱ्यावर लाल ठिपक्याचं एक बटण आहे. घात तिथे झाला.

धाकटीचं लग्न घ्या. अंतरपाट धरलेला. दाजी गळ्यात पट्टा, खिशात लेन्सचं झाकण अशा थाटात सगळ्यांना कोपरानं सारत पुढे. कॅमेऱ्यानं अंतरपाटावरचं कुंकवाचं स्वस्तिक असं पकडलं की कापडाचा धागा न् धागा मोजून घ्यावा. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट दूर झाला, वरून अक्षतांचा मारा सुरू झाला आणि कॅमेरा बावचळला. नवरी धुक्यात गेली, बाहेर आली, पुन्हा गेली. तो एकदाचा स्थिरावला तोवर हार घालून झाले होते. आणि स्थिरावला तो मागच्या थर्माकोलच्या अक्षरांवर. आमच्याकडे त्या क्षणाचा जो व्हिडिओ आहे, त्यात दोन पुसट माणसं आहेत आणि 'शुभविवाह'मधला ठसठशीत 'वि' आहे. मंगलाष्टकांना साथ म्हणून लेन्सच्या मोटरची घर्रघर्र आहे.

हे दाजींना बोलून दाखवायची सोय नाही. नापास पोराचा बाप मास्तरांशी बोलतो तसे ते बोलायला लागतात.

"अरे, त्याची काय चूक? फोटोच्या वेळी आरसा खाली असतो. त्याच्यामागच्या छोट्या आरशावरून उजेड तळाच्या सेन्सरला जातो, तो झटक्यात सांगतो लेन्स किती फिरवायची ते. व्हिडिओला आरसा वर. तळाचा बिचारा आंधळा! मग मुख्य सेन्सरच लेन्स पुढेमागे करून बघतो, कडा कुठे ठळक दिसतात. आणि सगळ्यात ठळक जागा कोणती, हे ती ओलांडून पुढे गेल्याशिवाय कळत नाही. मग मागे यायचं."

हे समजावताना ते श्रीखंडाची वाटी पुढेमागे करतात. ती माझ्या ताटापर्यंत येते आणि परत जाते.

त्यांचा हुकमी एक्का म्हणजे निकॉन डी-९०. व्हिडिओ काढणारा हा पहिला डीएसएलआर २००८ साली आला, तेव्हा रेकॉर्डिंग चालू असताना तो आपणहून फोकस करतच नसे. "हा निदान धडपडतो तरी!" सिनेमावाले फोकस हातानं ओढतात, त्यासाठी वेगळा माणूस ठेवतात, असं मी एकदा भीत भीत म्हणालो. पोराला वसतिगृहात ठेवा म्हटल्यासारखे दाजींनी माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा कॅमेरा सुधारायचा नाही, माणसं सुधारायची, असं त्यांचं धोरण ठरलं. कडा नसलेल्या गोष्टीवर फोकस बसत नाही. मामांचा पांढराशुभ्र सदरा नापास झाला आणि साठीशांतीला त्यांना मुलाचा चौकटीचा शर्ट घालून बसावं लागलं. बारशाला ताईला सूचना आली, "तीट जरा मोठी लाव, त्याला दिसत नाही." माझ्या टकलाबद्दल ते जे बोलले ते मी इथे लिहीत नाही.

मागच्या दिवाळीत भाच्यानं त्यांना नवा, आरसा नसलेला कॅमेरा आणून दिला. ही धडपड संपायला सुरुवात तशी आधीच झाली होती: कॅनननं २०१३ साली ७०डी काढला, त्यात सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्याचे दोन भाग होते, त्यामुळे लेन्स कुठल्या बाजूला न्यायची हे आधीच कळायचं. आता तर कॅमेरे डोळा ओळखून त्यावर चिकटून बसतात. दाजींनी भाच्याचा कॅमेरा दोन दिवस वापरला. सगळं स्पष्ट आलं. ते मात्र दोन्ही दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो भाच्याला परत केला. "ह्याला माझी गरज नाही," म्हणाले.

येत्या वैशाखात आमच्या पुतणीचं लग्न आहे. शूटिंग दाजींचंच. आपण सहकुटुंब यावं. येताना सपाट रंगाचे कपडे मात्र टाळावेत.