गरज एकाची, मोबाइल दुसऱ्याचा

वॉकर ही वस्तू आजवर कुणी हौसेने विकत घेतलेली नाही. दुकानात जाऊन, दोन-चार नमुने पाहून, ‘हा आपल्या पडद्यांना शोभेल’ असं म्हणत कुणी कमोड खुर्ची निवडल्याचंही ऐकिवात नाही. या वस्तू घरात येतात त्या घाईघाईने, बहुतेक वेळा डॉक्टरांनी ‘उद्या घरी न्या’ म्हटल्यावर. मग एकदम लक्षात येतं, की आईला सहा आठवडे पाय टेकवायचा नाही, आपला पलंग फार खाली आहे आणि बाथरूममध्ये धरायला नळाशिवाय काही नाही. वॉकर हजार-दीड हजारात येतो. पाठ वर उचलणाऱ्या फाउलर पलंगाला मात्र पंधरा-वीस हजार सहज लागतात. एवढे पैसे घालून आणलेल्या पलंगाचं सहा आठवड्यांनंतर करायचं काय, हे वन-बीएचकेत राहणाऱ्या माणसाला कुठलाच डॉक्टर सांगत नाही.

यावर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या सार्वजनिक काकांनी फार पूर्वीच तोड काढून ठेवली आहे. तिचं नाव रुग्णसाहित्य केंद्र. कुठे रोटरी किंवा लायन्स क्लब, कुठे जनकल्याण समिती, कुठे ज्येष्ठ नागरिक संघ, तर कुठे गणपतीची वर्गणी उरवून दाखवणारं एखादं विरळा मंडळ ते चालवतं. अनामत ठेवायची, वस्तू न्यायची, काम झालं की आणून द्यायची आणि अनामत परत घ्यायची. भाडं नाही, असलंच तर नावापुरतं. डोंबिवलीतल्या अशाच एका केंद्रात मी संध्याकाळी बसतो. खोली एका सोसायटीच्या तळमजल्यावर, जिन्याखाली आहे. भिंतीला टेकलेल्या कुबड्या, एकात एक दुमडून ठेवलेले वॉकर, आणि व्हीलचेअर. व्हीलचेअरचा एक पायठेवा कायम हरवलेला असतो. दुसरा जागेवर असतो, त्यामुळे तक्रारही धड करता येत नाही.

वर्षानुवर्षं हा कारभार एका लांब वहीवर आणि बाहेरच्या पाटीवर चालला. ‘सायं. ५ ते ७, रविवारी बंद’ असं त्या पाटीवर लिहिलेलं होतं. हाडं मात्र पाटी वाचून मोडत नाहीत. शिवाय पाटी होती गल्लीच्या आत, गुलमोहराच्या फांदीआड. केंद्र आहे हे ज्यांना माहीत होतं त्यांना ते माहीत होतं, आणि तीच तीच घरं पुन्हा पुन्हा येत. दोन गल्ल्या पलीकडे एका बाईने नवऱ्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून, ती खुर्ची फरशीवर ओढत महिनाभर संडासापर्यंत नेलं, हे आम्हाला ते गृहस्थ बरे होऊन भाजी घ्यायला निघाल्यावर कळलं.

तेव्हा समितीच्या बैठकीत ‘ऑनलाइन’ हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला. कोषाध्यक्षांनी लगेच हरकत घेतली. “ऑनलाइन केलं तर सगळं गाव येईल.”

“यावं म्हणूनच तर करायचं ना, काका?” चिटणीसबाई म्हणाल्या.

“येऊ दे की. पण व्हीलचेअर सहाच आहेत.”

हे बोलणं इतिवृत्तात आलं नाही. ‘साधकबाधक चर्चा होऊन ठराव मंजूर’ एवढंच आलं. पुढे एका सदस्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने गूगल फॉर्म करून दिला, नकाशावर केंद्राची खूण टाकली, व्हॉट्सॲपला वेगळा नंबर घेतला आणि आम्हाला दोनदा समजावून सांगितलं. दुसऱ्यांदा तिने जरा मोठ्याने सांगितलं.

फॉर्म ही चीज सरळ माणसाने वाकड्या प्रश्नांची उत्तरं देण्यासाठी असते. आमच्याकडे उलटं झालं. प्रश्न सरळ होते. ‘रुग्णाचे नाव’ या रकान्यात अर्ध्या लोकांनी ‘बाबा’ असं लिहिलं. ‘रुग्णाशी नाते’ यापुढे एकाने लिहिलं, ‘खालचा मजला’. ‘वस्तू किती दिवसांसाठी हवी?’ याला आलेलं सर्वांत प्रामाणिक उत्तर ‘देव जाणे’ हे होतं. ‘इमारतीला लिफ्ट आहे का?’ याला ‘आहे, पण बंद असते’ हे उत्तर इतक्यांदा आलं, की तो पर्याय आता आम्ही छापूनच टाकला आहे. ई-मेलचा रकाना मुलीने सक्तीचा ठेवला होता. तिथे एका आजोबांनी ‘नाही ॲट नाही डॉट कॉम’ असं ठणकावून लिहिलं. त्या दिवसापासून सक्ती उठली.

ज्यांना फॉर्म भरणं जमत नाही ते आवाजी निरोप पाठवतात. त्यात आधी जुन्या पडझडीचा इतिहास येतो, मग सुनेचा स्वभाव, मग कुकरची शिट्टी, आणि अगदी शेवटी ‘तर एक काठी मिळेल का?’ असा मुद्दा. आम्ही ‘साधी की चार पायांची?’ असं विचारतो आणि तिकडून दुसरा अध्याय सुरू होतो.

हे सगळं गमतीचं असलं तरी फॉर्मच्या उत्तरांनी एक गोष्ट उजेडात आणली, जी वहीने कधीच दाखवली नव्हती. ज्याला वस्तू हवी असते तो ती मागत नसतो. ऐंशी वर्षांच्या आजींसाठी मेलबर्नहून लेक फॉर्म भरते, अनामत मावसभाऊ ठाण्यातून गूगल पेने भरतो आणि वॉकर न्यायला येतो तो वॉचमन. गरज एकाची, मोबाइल दुसऱ्याचा, पैसे तिसऱ्याचे आणि पाय चौथ्याचे. ‘ऑनलाइन’मुळे सेवा गरजूंपर्यंत पोचते असं आपण भाषणात म्हणतो. खरं तर ती पोचते गरजूच्या ओळखीतल्या, बोट सराईतपणे फिरवणाऱ्या माणसापर्यंत. पुढची मजल त्या माणसाने मारायची असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी जेमतेम ३३ टक्क्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. पुरुषांत हे प्रमाण ५७ टक्के होतं. आणि ही तरण्या वयाची गोष्ट झाली. मांडीचं हाड मोडण्याच्या वयाच्या माणसांचा त्यात हिशेबच नाही. म्हणून आम्ही लिंक आजींना पाठवणं सोडून दिलं. ती पाठवली औषधाच्या दुकानदारांना, फिजिओथेरपी करणाऱ्या मुलींना, आणि घरोघरी रुग्णाजवळ राहणाऱ्या आयाबायांना. या आयाबाया म्हणजे आमचा खरा सर्व्हर. कुठल्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाच्या पाठीला जखमा होऊ लागल्यात आणि कुणाची हवेची गादी काम संपूनही पंख्याखाली वाळत पडलीय, ही माहिती त्यांच्याकडे अद्ययावत असते, आणि ती कधी हँग होत नाही.

ऑनलाइनचा आणखी एक गुण मात्र मान्य करायलाच हवा. त्याला डोळे नसतात. मध्यमवर्गी माणसाला फुकट वस्तू मागायला जिन्याखालच्या खोलीत येणं फार जड जातं. ‘आमचं तसं सगळं ठीक आहे हो, फक्त चौकशी करायला आलो होतो’ असं म्हणून परत गेलेली माणसं मी पाहिली आहेत. कमोड खुर्ची हे शब्द तर चारचौघांत तोंडातून फुटतच नाहीत. लोक ‘ती खुर्ची’ म्हणतात आणि दुसरीकडे बघतात. फॉर्ममध्ये त्या नावापुढे नुसती टिचकी मारायची असते. आमचे बरेचसे फॉर्म रात्री एक-दोनच्या सुमारास येतात. त्या वेळी घर झोपलेलं असतं, रुग्ण कण्हत असतो आणि मुलगा मोबाइल हातात घेऊन बसलेला असतो. तेव्हा त्याला लाजवणारं समोर कुणी नसतं. आमच्या पाटीवरचं ५ ते ७ या माणसाच्या कधीच कामाला आलं नसतं.

गरज आणि मोबाइल एकाच हातात आले की काय होतं, हे पाहायचं तर अंध वाचकांकडे पाहावं. पूर्वी त्यांना पुस्तक वाचून दाखवणाऱ्याची सवड बघावी लागे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात त्यांच्यासाठी वाट मोकळी झाली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. आता अंध विद्यार्थिनी फोनला बोलतं करून पुस्तक स्वतः शोधते, स्वतः उतरवून घेते आणि रात्री दोन वाजता कुणाचीही झोप न मोडता वाचते. पुस्तक तारेतून जातं. कमोड खुर्ची जात नाही. ती तीन मजले कुणीतरी खांद्यावर न्यावी लागते, आणि ‘आहे, पण बंद असते’ ती लिफ्ट तेव्हाही बंदच असते. ऑनलाइनचं कौतुक करताना ज्याची सेवा तारेतून जाते तो आणि ज्याची जिन्यावरून जाते तो, असे दोन वेगळे हिशेब ठेवावेत.

तारेतून गेलेला निरोप परत बोलावता येत नाही, ही दुसरी गंमत. आमचा ‘मोफत रुग्णसाहित्य’ हा मेसेज कुणीतरी पुढे ढकलला, तो फिरत फिरत नागपूरला गेला. तिथून एका गृहस्थांचा सकाळी साडेसहाला फोन आला. डोंबिवली नागपूरपासून किती लांब आहे हे सांगितल्यावर ते म्हणाले, “मग मेसेजमध्ये तसं लिहायचं होतं ना!” बरोबर होतं त्यांचं. आता गावाचं नाव आणि तारीख पहिल्या ओळीत असते. रक्त हवं असल्याचे बिनतारखेचे मेसेज तर अमरच असतात. रुग्ण बरा होऊन पोराच्या लग्नात नाचून येतो, तरी त्याच्यासाठी बी निगेटिव्ह शोधणं चालूच राहतं. वास्तविक रक्तपेढ्यांतला साठा दाखवणारं ‘ई-रक्तकोष’ हे सरकारी पोर्टल २०१६ पासून आहे. पण पोर्टल उघडून बघण्यापेक्षा मेसेज पुढे ढकलणं सोपं, आणि पुण्य दोन्हीकडे सारखंच मिळतं असा आपला समज असतो.

त्या मानाने कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतली, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांतली पोरं हुशार निघाली. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर कुठे आहे याच्या याद्या तेव्हा मोबाइलवरून फिरत होत्या. ही पोरं यादीतल्या प्रत्येक नंबरला स्वतः फोन लावून बघत, नंबर फोल निघाला तर खोडत आणि खरा निघाला तर त्यापुढे ‘खात्री केली, दुपारी १२.१०’ असं लिहीत. त्या ‘१२.१०’ मध्ये सगळी समाजसेवा आली. माहिती साऱ्या जगाकडे होती. ती शिळी होऊ न देणारं कुणीतरी त्या पोरांच्या रूपाने फोनला कान लावून बसलं होतं.

आणि सगळ्यांत रुंद दरवाजा अजूनही साध्या फोनचाच आहे, हे विसरू नये. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली, तेव्हा तिला ना फॉर्म होता ना पासवर्ड. चार आकडे पाठ असले की झालं. ज्येष्ठांसाठी २०२१ पासून देशभर १४५६७ आहे, तोही फुकट. आमच्या केंद्रातही फॉर्मच्या डोक्यावर आता ठळक अक्षरांत एक फोन नंबर आहे. कोषाध्यक्षकाका तो स्वतः उचलतात आणि “बोला” एवढंच म्हणतात. त्या “बोला”ला उत्तर देताना कुणाचाही रकाना चुकत नाही.

राहता राहिला सहा व्हीलचेअरचा प्रश्न. काकांचं भाकीत खरं ठरलं. सगळं गाव आलं. मागणी ऑनलाइन वाढली आणि वस्तू मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. किंबहुना कमी झाल्या, कारण न्यायला लिंक पुरते, पण परत आणायला माणूस लागतो. मेलबर्नची लेक आई चालू लागल्यावर ‘थँक्यू सो मच’ आणि हात जोडलेली चार चित्रं पाठवते. वॉकर दाराआडच राहतो आणि त्यावर टॉवेल वाळू लागतात. रुग्ण गेला असेल तर आम्हीही विचारायला धजत नाही. तेराव्यानंतर फोन करावा का चौदाव्याला, याचा नियम कुठल्याच घटनेत लिहिलेला नाही. आठवणीचे आपोआप जाणारे मेसेज लावून पाहिले. त्यांना अंगठा येतो, वॉकर येत नाही. अनामत विसरणारी माणसं आपल्याकडे आहेत, यावर कोषाध्यक्षांचा अजूनही विश्वास बसत नाही.

म्हणजे अडचण आता दरवाजाची राहिलेली नाही. तो चांगला रुंद झाला आहे. टंचाई आहे ती सामानाची, आणि ते सामान कुठल्या गोदामात नसून तुमच्याआमच्या घरांत पडून आहे. २०२१ मध्ये धावाधाव करून मिळवलेले कॉन्सन्ट्रेटर, हवेच्या गाद्या, आजोबांची काठी, आत्याची व्हीलचेअर, असं सगळं माळ्यावर, दिवाळीच्या कंदिलाशेजारी.

तेव्हा वाचकहो, या रविवारी एक करा. माळा उघडा. जे निघेल ते ओल्या फडक्याने पुसा आणि जवळच्या रुग्णसाहित्य केंद्राला फोन लावा. उशीर का झाला असं तिथे कुणी विचारणार नाही. परदेशातून फॉर्म भरणाऱ्यांनी भरतानाच परत करण्याची तारीख फोनमध्ये टाकून ठेवावी आणि आणून देणाऱ्याचं नावही तेव्हाच ठरवावं. वॉकरचे रबरी बूट झिजले असतील तरी चालेल, ते आम्ही बदलून घेतो. व्हीलचेअरचा एक पायठेवा नसला तरी आणा. आमच्याकडे जास्तीचे दोन-तीन निघतील.