हात मागे!

(रंगमंचावर जेवणाचं टेबल, त्यावर वर्तमानपत्रं अंथरलेली. परात, रंगांच्या वाट्या, डिंकाची बाटली, बोथट कात्री. मागे फ्रिज, दारावर चुंबकानं अडकवलेला रंगीत तक्ता. आबा येतात. वय सदुसष्ट. लेंगा, सदरा, भरघोस मिशा आणि टकलावर लाल-निळ्या फुलांचे ठसे. त्या ठशांचं त्यांना काहीही वाटत नाही. हातातल्या पिशवीतून एकेक भेंडी काढून टेबलावर ठेवत मोजतात.)

अठरा, एकोणीस, वीस. टॅली! (प्रेक्षकांकडे बघून) या, बसा. टेबलाला हात लावू नका, डिंक ओला आहे. खुर्चीलाही लावू नका. तुम्ही असं करा, हात मांडीवरच ठेवा.

पाव किलो भेंडी. सूनबाई म्हणाली, "बाबा, येताना भेंडी आणाल? चांगली जून बघून आणा." आता आमच्या डोंबिवलीत भेंडी घ्यायची रीत काय? शेपूट मोडून बघायचं. कट्‌कन मोडलं तर कोवळी, घ्यायची. नुसतंच वाकलं तर जून, परत टाकायची आणि भाजीवाल्याकडे असं बघायचं. (बघून दाखवतात.) मी शेपूट वाकवलं. मोडेना. म्हटलं, "वा! हीच द्या. याहून निबर आहे का?" तो माणूस उठून उभा राहिला हो! इतकी वर्षं त्याच्याकडून भाजी घेतोय, पहिल्यांदा मला चहा विचारला.

भाजीला नाही, ठशांना. भेंडी आडवी चिरली की पाच पाकळ्यांचं फूल मिळतं. रंगात बुडवायचं, कागदावर उठवायचं. आमची नात ओवी साडेतीन वर्षांची आहे. तिच्या खेळवाडीला सुट्टी लागली आणि त्या दिवसापासून (फ्रिजकडे बोट) हा तक्ता लागला. सोमवार ठसेकाम. मंगळवार कणकेचं काम. बुधवार चिकटकाम. गुरुवारी ओतणे आणि भरणे. शुक्रवारी जोड्या लावा. शनिवारी निसर्ग. निसर्ग म्हणजे खाली जाऊन सोसायटीच्या बदामाची पानं गोळा करायची आणि वॉचमनच्या शिव्या खायच्या.

मी विचारलं, "अगं, साडेतीन वर्षांच्या पोरीला एवढं वेळापत्रक? मी हेड कॅशियर होतो, मला नव्हतं एवढं." तर म्हणाली, "बाबा, 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहिलंय, सहा वर्षांच्या आत मेंदूची पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त वाढ होते." (थांबून) म्हणजे उरलेल्या पंधरा टक्क्यांत मी आख्खी बँक सांभाळली! आणि ओवीची अडीच वर्षं उरली म्हटल्यावर सूनबाईनं घरात मार्चएंडिंग सुरू केलंय.

तर भेंडी. हा दुसरा हप्ता. पहिल्या हप्त्याचा हिशोब तुम्हाला देतो.

टेबलावर कागद अंथरला. ओवीला खुर्चीवर उशी ठेवून बसवली. भेंडी तिच्या हातात दिली. तिनं ती रंगात बुडवली आणि कागदावर... घासली. ठसा नाही, फराटा. मी म्हटलं, "बाळा, असं नाही. हे बघ, दाबायचं आणि उचलायचं." आणि एक दाखवला. फक्त एक. पण पहिला जरा तिरका आला म्हणून दुसरा. दुसऱ्याच्या शेजारी जागा मोकळी दिसत होती म्हणून तिसरा. तेवढ्यात आमची ही स्वयंपाकघरातून आली. "अहो, आत्ता चिरलेली भेंडी अशी बुडवतात का? चिकट असते ती, रंग धरत नाही. चिरून अर्धा तास सुकू द्यायची." बरोबर आहे तिचं. भेंडीच्या बाबतीत ती नेहमीच बरोबर असते. तिनं माझ्या हातातली भेंडी घेतली, पुसली, आणि कागदाच्या कडेनं एक वेलबुट्टी काढायला घेतली. दिवाळीत दारात काढते तशीच, कोपऱ्यात कोयरीसुद्धा!

मग चिरंजीव आले. इंजिनिअर. "आई, दोन्ही बाजू सारख्या नाहीत गं." झालं! पट्टी आली. पेन्सिल आली. कागदाला मध्यरेषा पडली. मी म्हटलं, "मधे लाल येऊ दे." तो म्हणाला, "लाल कडेला." ही म्हणाली, "तुम्ही दोघं बाजूला व्हा." तीन माणसं, तिघांची मिळून वयं दीडशेच्या पुढे, आणि एका भेंडीवरून अशी जुंपली की खालच्या मजल्यावरच्या काकू पंखा बंद करून ऐकत होत्या.

आणि ओवी? ओवी खुर्चीवरून उतरली होती. एक भेंडी, एक रंगाची वाटी घेऊन माझ्या मागे स्टुलावर चढली होती. (डोकं झुकवून ठसे दाखवतात.) घरातला एकमेव कोरा कागद, जो तिच्या हातून कोणी ओढून घेत नव्हतं.

दाबायचं आणि उचलायचं. बघा, एकही फराटा नाही. सगळी फुलं स्वच्छ. धुवायला गेलो तर म्हणाली, "आबा, हात नाही लावायचा, ओलं आहे." तेव्हापासून ओलं आहे. मी दूध आणायला असाच गेलो. वाचनालयात असाच गेलो. तिथल्या बाईंनी माझ्या टकलाकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं आणि पुस्तकावर शिक्का मारला.

(खुर्चीत बसतात. चष्मा लावतात.)

वाचनालयात कशाला? सूनबाई सारखी म्हणते ना, "बाबा, हे माँटेसरी आहे, ते माँटेसरी आहे." म्हटलं मूळ खातंच तपासू. तर या मारिया माँटेसरी बाई डॉक्टर होत्या. 1907 साली, 6 जानेवारीला, रोममध्ये सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालघर काढलं. आईबाप कामावर, पोरं जिन्यात हुंदडायची, ती गोळा केली. आणि त्या पोरांना काय दिलं? टेबलं पुसा. हात धुवा. बटणं लावा. जेवण वाढा. मी हे मोठ्यानं वाचून दाखवलं, तर आमची ही म्हणते, "मग माझी फी कोण देणार? मी चाळीस वर्षं हेच शिकवतेय, तुम्हाला अजून येत नाही."

पुढे ऐका. बाई 1939 मध्ये भारतात आल्या, मद्रासला. काही महिन्यांसाठी आल्या होत्या. तेवढ्यात इटली युद्धात उतरली. बाई इटलीच्या, म्हणजे इंग्रजांच्या शत्रुराष्ट्राच्या. त्यामुळे मुक्काम लांबला तो 1946 पर्यंत. पाहुणा किती दिवस राहावा याची आमच्याकडच्या कोणालाही तक्रार करायला जागा उरली नाही.

त्याच्याही आधी भावनगरला गिजुभाई बधेका. मूळचे वकील! वकिली सोडली आणि 1920 मध्ये बालमंदिर काढलं. मुलांना गोष्टी सांगायचे, गाणी म्हणायचे, नाटकं करायचे. झुपकेदार मिशा होत्या, म्हणून लोक त्यांना 'मूछाळी माँ' म्हणायचे. मिशीवाली आई! (मिशीवरून हात फिरवतात.) अर्धी पात्रता आपल्याकडे आहे.

आपल्या ताराबाई मोडक तिथेच जाऊन त्यांना मिळाल्या. पुढे 1945 मध्ये बोर्डीला आल्या. अनुताई वाघ सोबत. आता माँटेसरीचं सामान म्हणजे पॉलिश केलेले लाकडी ठोकळे, दट्टे, मणी. खेड्यात कोण आणणार? यांनी समुद्रावरचे शिंपले घेतले, बिया, खडे, पानं घेतली. मोजा, जोड्या लावा, रांग करा. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. नंतर 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली पोरं दिवसभर गुरांमागे. तर शाळा गुरांमागे नेली, कुरणशाळा! आणि इथे सूनबाईनं लाकडी ठोकळ्यांचा संच मागवलाय. किंमत सांगत नाही. हिला कळली तर ठोकळे देव्हाऱ्यात ठेवील.

पण या सगळ्यांनी एक गोष्ट ठासून सांगितलीय. मूल काम करत असलं की मोठ्यांनी मधे पडायचं नाही. बाजूला बसायचं. बघायचं. (चष्मा काढून) हे मी जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. सगळ्यांना पटलं. हिला पटलं की मी मधे पडू नये. चिरंजीवांना पटलं की आईनं पडू नये. सूनबाईला पटलं की आम्ही तिघांनी पडू नये. ठराव एकमतानं मंजूर.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. कणकेचं काम.

(परात पुढे ओढतात.)

दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल, लागेल तसं पाणी. मीठ एवढं कशाला? एक म्हणजे गोळा लवकर खराब होत नाही. दुसरं म्हणजे पोर एकदा चाटते, परत चाटत नाही. रंगाला हळद, बीट, पालकाचं पाणी. ओवीनं गोळा घेतला आणि लांब लांब वळला. "आबा, साप." मी म्हटलं, छान. हात मागे! (दोन्ही हात पाठीमागे बांधतात.) असे. ठराव आहे.

ही मात्र शेजारी बसली होती. मळलेलं पीठ समोर आणि हात रिकामे, हे तिच्या जन्मात झालेलं नाही. आधी तिनं फक्त "जरा सैल झालंय" म्हणून मळून घेतलं. मग लाटी केली. मग लाटली. मग दुमडली. मग कातणं आणलं! हळदीच्या पिवळ्याधमक करंज्या, बीटाच्या गुलाबी करंज्या. मुरड तर अशी की रुखवतात ठेवाव्या. ओवीच्या हातात साप तसाच. ती आजीकडे बघतेय. मी ओवीकडे बघतोय. हात मागे.

करंज्या वाळायला ताटलीत ठेवल्या. संध्याकाळी चिरंजीव ऑफिसातून आले. चर्चगेट काय, सीएसएमटी काय, लोकलमधून आलेला माणूस टेबलावरच्या ताटलीला प्रश्न विचारत नाही. त्यानं गुलाबी उचलली. चावली. (सावकाश चावण्याचा अभिनय.) चेहरा... चेहरा आवरला. म्हणाला, "आई, मीठ जरा..." आणि गप्प बसला. लग्नाला आठ वर्षं झालेला माणूस. तक्रार पूर्ण करत नाही. उलट पाणी पिऊन म्हणाला, "पिवळी ओवीसाठी ठेवतो."

फोटो मात्र त्या करंज्यांचाच निघाला हं. घरच्या ग्रुपवर गेला. खाली ओळ, "ओवीची कमाल!" नाशिकहून आत्या लिहितात, "या वयात काय मुरड घालते पोर! हाताला वळण आहे." साप ताटलीखाली होता. त्याचा फोटो कोणी काढला नाही. मी काढलाय. (खिशातला मोबाईल चाचपतात.) ग्रुपवर टाकलेला नाही. बाजू राखून ठेवलीय.

बुधवारचं चिकटकाम सोडून देतो. डिंक माझ्या मिशीपर्यंत कसा पोचला हा घरगुती प्रश्न आहे.

गुरुवार. ओतणे आणि भरणे. बाल्कनीत परात ठेवली. त्यात तांब्यानं पाणी, एक वाटी, एक पळी. मी शेजारी स्टुलावर. इतक्यात फोन आला. आमच्या बँकेतले निवृत्त सहकारी. विषय, पेन्शन अपडेशन. ज्यांच्या घरात बँकेचा पेन्शनर आहे त्यांना माहीत आहे, या फोनला सुरुवात असते, शेवट नसतो. मी "हो... हो... कोर्टात का?... हो" करत होतो आणि डोळे ओवीवर.

ती पळीनं पाणी घेते. वाटीत ओतते. वाटी भरते. परातीत रिकामी करते. परत पळी. एकदा वाटी ओसंडली तर तिनंच फडकं घेऊन पुसलं. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. काय ते मला ऐकू आलं नाही, कारण इकडून मला 1995 सालच्या पेन्शन नियमांची कलमं ऐकवली जात होती. पळी. वाटी. परात. मी आयुष्यात एवढ्या एकाग्रतेनं फक्त एका माणसाला काम करताना पाहिलंय, आणि तो आमचा ऑडिटर होता.

फोन संपला. मला इतकं भरून आलं हो! टाळ्या वाजवत मोठ्यानं म्हटलं, "शाब्बास माझी ओवी!"

तिनं पळी ठेवली. माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाली, "टीव्ही लाव."

(दीर्घ विराम. आबा प्रेक्षकांकडे बघत राहतात.)

काय चुकलं? टाळी तर मी मागेच वाजवली. पाठीमागे हात ठेवून टाळी वाजवून बघा तुम्ही, किती अवघड असतं!

सूनबाई आतून बाहेर आली. कॉल चालू होता तिचा, कानात ते यंत्र. हळूच मला म्हणाली, "बाबा, अर्धा तास ती एकटी खेळत होती? काय दिलंत?" मी म्हटलं, "पेन्शन अपडेशन." तिनं ते तक्त्यावर लिहून ठेवलंय. (फ्रिजकडे जाऊन बोट ठेवतात.) हे बघा. गुरुवार. ओतणे, भरणे, कंसात पेन्शन.

तर आज पुन्हा भेंडी आहे. या वेळी नियम कडक. प्रत्येकानं आपापली खुर्ची भिंतीला लावून बसायचं. हातात काहीतरी धरायचं. हिच्या हातात लसणाचा गड्डा, सोल म्हणावं. चिरंजीवांच्या हातात मोबाईल, तो सोडून ते काही धरत नाहीतच. माझ्या हातात... (विचार करून भेंडी उचलतात, मग घाईनं खाली ठेवतात.) नको. वर्तमानपत्र.

(आतून ओवीचा लांबवलेला आवाज : "आबाऽऽऽ!")

आलो बाळा, भेंडी चिरायची आहे अजून. सुकायची आहे.

(पुन्हा : "आबाऽऽऽ! झालंऽऽऽ!")

(आबा स्तब्ध. मग आतल्या दिशेनं हाक मारतात.) अहो, ऐकलं का? ओवीचं झालंय.

(आतून स्त्रीचा आवाज : "माझे हात कणकेत आहेत!")

अरे, तू बघतोस का?

(आतून पुरुषाचा आवाज : "बाबा, मीटिंगमध्ये आहे!")

सूनबाई?

(शांतता. मग दार हळूच लावून घेतल्याचा आवाज.)

(प्रेक्षकांकडे वळून) बघा. भेंडीला सहा हात आले होते. करंजीला कातण्यासकट आले होते. आणि या एका कामाला तक्त्यात वार नाही, ग्रुपवर फोटो नाही. इथे मात्र सगळ्यांना माँटेसरी बाई आठवतात!

("आबाऽऽऽ!")

(सदऱ्याच्या बाह्या वर सारत) आलोऽऽऽ! बसून राहा, मगाला हात लावू नको. आणि भिंतीला ठसे...

(आतून : "आबा, फूल नाही आलं. फराटा आला.")

(आबा धावत आत जातात. पडदा.)