आधी वास, मग पाटी

पालघरला येणारे पर्यटक केळवे-चिंचणीच्या किनाऱ्यावर भेळ खाऊन परततात. ही जिल्ह्याची घोर उपेक्षा आहे. खरे दर्शनस्थळ तारापूर एमआयडीसी. २०१८च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात ९३.६९ गुण, देशात पहिला नंबर! दहावीला एवढे पडले असते तर बोईसर स्टेशनबाहेर फ्लेक्स लागला असता. गाइड लागत नाही. वासच बोट धरून नेतो. शेजारी १९६९पासूनचे अणुवीज केंद्र आहे, पण ते बाहेरूनच पाहावे. एमआयडीसी मात्र मोकळ्या मनाची, स्वतःच घरात येते. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले, मग या दरवळाने काय पाप केले? तत्काळ अर्ज करावा. प्रवेश मोफत. पर्यटकांनी गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात. खिडक्या लावून घेण्याचा मान स्थानिकांचा.