हप्ता हाच खरा घरमालक

पंचविशीत पहिला पगार देवापुढे ठेवला जातो आणि दुसऱ्या पगारावर नातेवाईक फ्लॅट बघायला लागतात. ‘भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा’ हे त्यांचं ब्रह्मवाक्य. ते हिशेबाला लावून पाहू. पुण्याच्या उपनगरात 60 लाखांचा फ्लॅट धरा. बँक फार तर 80 टक्के देते, म्हणजे 12 लाख खिशातले. 7 टक्के मुद्रांक शुल्क आणि 30 हजार नोंदणी मिळून आणखी साडेचार लाख. ते कर्जात बसत नाहीत, म्हणून बाबांच्या पीएफमध्ये बसवले जातात. 48 लाखांवर साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता होतो सुमारे 41,650 रुपये. पहिल्या वर्षी त्यातलं चार लाखांवर निव्वळ व्याज! किमतीच्या तीन टक्क्यांनी धरलं, तर त्याच फ्लॅटचं वर्षाचं भाडं 1 लाख 80 हजार. पैसा दोन्हीकडे पाण्यातच जातो. इकडे हंडा, तिकडे टँकर.

‘पण जागेचे भाव पडत नाहीत,’ असं काका म्हणतील. जागेचे वाढतीलही, फ्लॅटमध्ये मात्र जागा थोडी आणि भिंती फार, आणि भिंती दरवर्षी म्हाताऱ्या होतात. शिवाय दोन लाखांची नड आली, तर नुसतं बाथरूम विकता येत नाही. ‘हप्त्याच्या धाकाने बचत तरी होते,’ हा मुद्दा खरा. पण त्याच धाकापायी साहेबाला ‘नाही’ म्हणायची हिंमतही गहाण पडते. राहता राहिलं लग्न. तिथे स्वतःचा फ्लॅट लागतो, हे कबूल. पण ती गुंतवणूक नव्हे, पात्रता परीक्षा.

स्थावराचीच हौस असेल, तर 2019 पासून शेअर बाजारात रीट आहेत, म्हणजे भाड्याने दिलेल्या इमारतींत अनेकांचा पैसा एकत्र गुंतवणारे ट्रस्ट. काही शे रुपयांत एक युनिट मिळतं, आणि वाटपयोग्य रोख उत्पन्नातला किमान 90 टक्के हिस्सा त्यांना वाटावाच लागतो. त्यांचे भाव पडतात, ही तक्रार रास्त आहे. फ्लॅटचा भाव रोज कुणी छापत नाही, एवढ्यावरच तो कधी पडत नाही असा आपला समज. आणि फ्लॅटच घ्यायचा, तर सॅम्पल फ्लॅटमधल्या आखूड पलंगावर एकदा पाय पसरून बघा. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून कार्पेट एरिया आणि ताब्याची तारीख वाचा. राहायला घर हवं असेल, तर खुशाल घ्या. फक्त त्याला गुंतवणूक म्हणण्याआधी भाडं आणि व्याज शेजारी-शेजारी लिहा, आणि तो कागद आधी काकांना दाखवा.