सहा सेकंदांचे दप्तर

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कल्पित साहसांचा बैठा खेळ १९७४ साली आला आणि शौर्याला एकदाची दप्तरी शिस्त लागली. पाचव्या आवृत्तीत लढाईची एक फेरी सहा सेकंदांची. तिची नोंद अर्ध्या तासात उरकते, ही कार्यक्षमता वाखाणण्याजोगीच. वीस पैलूंचा फासा टाकून पाळी ठरली की ड्रॅगनही आपला नंबर येईपर्यंत निमूट थांबतो. (रांगेत माणसेही थांबत नाहीत.) जखमा पेन्सिलीने मांडतात, त्यामुळे त्या खोडरबराने बऱ्याही होतात. आता प्रत्येक घावाची पोच तीन प्रतींत द्यावी आणि स्थळप्रतीवर ड्रॅगनची सही घ्यावी, एवढेच बाकी आहे.

परवा आमच्या डावात एक गॉब्लिन (खुजा राक्षस) मेला, पण पाळीच्या यादीतून त्याचे नाव खोडायचे राहिले. पाळी येताच त्याने नियमानुसार वार केला. आमचा योद्धा जागीच ठार. त्याची नोंद मात्र तत्काळ झाली.